उत्तरेची भिंत

रोमान आढ्यावर मांड ठोकून बसला होता आणि निलगिरीची हिरवी फांदी खिळ्यांनी ठोकत होता. वासे चढले की छपरावर हिरवी डहाळी लावायची, ही त्यांच्या पोलंडातली रीत. तिकडे त्यासाठी पाइनची फांदी असे. मेलबर्नबाहेरच्या या काटेरी माळावर निलगिरीवर भागवायचं. खाली शेजारीपाजारी पेले धरून उभे होते.

पलीकडच्या प्लॉटवर लूडविक गवंडी आपल्या कमरेएवढ्या भिंतीशी थापी घेऊन उभा होता. वर बघायचं नाही असं ठरवून तो तिसऱ्यांदा वर बघत होता.

"वस्ताद, या की," रोमान वरून म्हणाला. "तुमच्याआधी पहिला घोट घ्यायला कुणी धजत नाही."

"माल वाळेल माझा," लूडविक म्हणाला, आणि चांगल्या कालवलेल्या सिमेंटच्या मालात त्याने उगाच पाणी ओतलं.

गावाकडे हाच रोमान त्याच्या हाताखाली विटा वाहायचा. लढाईनंतर दोघे एकाच बोटीने आले, छावणीत एकाच पत्र्याखाली झोपले, एकाच कारखान्यात लागले. लागून प्लॉट मिळाले तेव्हा गळ्यात गळे घालून रडलेही होते. पण रोमानने लाकडाचं घर काढलं, ते बघता बघता उठलं. लूडविकचं विटांचं; आणि वीट कुणासाठी घाई करत नाही. देव माणसाला पोटभर देतो खरा, पण शेजाऱ्याच्या ताटात डोकावायची खोड काही मोडत नाही. रोमानच्या विनोदावर स्वतःची बायको हसली तरी लूडविकला ते हसू आपल्या घरातून चोरीला गेल्यासारखं वाटे.

हा सगळा खटाटोप त्या बायकोसाठीच, तेकलासाठीच होता. लढाईच्या वर्षांत जर्मनांच्या ओल्या तळघरात राबून तेकलाचे सांधे धरले होते. बोटीवर लूडविकने तिला सिगारेटच्या पाकिटावर खोली काढून दाखवली होती. दक्षिणेला मोठी खिडकी, खिडकीखाली पलंग, थंडीभर अंगावर ऊन. सूर्य दक्षिणेकडून येतो हे त्यांच्या गावच्या पोराला विचारलं तरी सांगेल. इथे डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, कामावर जाण्याआधी आणि आल्यावर, तो विटा रचत असे. सकाळचं तिरपं ऊन दक्षिणेच्या भिंतीला लागे, संध्याकाळचंही लागे. दुपारी तो कारखान्यात असे. त्याचं समाधान होई.

रोमानने मात्र मोठ्या खिडक्या उत्तरेला ठेवल्या. ते पाहिलं आणि लूडविकच्या जिभेवर साखर विरघळली. येत्या थंडीत कुडकुडेल गाढव. एक शब्द पुरला असता. तो त्याने टाकला नाही. ईस्टरआधी फादरांपुढे गुडघे टेकून त्याने दोन शिव्या आणि एक मोडलेला शुक्रवारचा उपास कबूल केला. हे पोटातच ठेवलं.

आपली उत्तरेची भिंत त्याने आंधळी बांधली, कारण तिकडे रोमानचं घर होतं. उठता बसता त्याचं छप्पर कशाला बघायचं? तेकला म्हणाली होती, एक झरोका तरी ठेव, यादविगाला हाक मारता येईल. त्यावर त्याने आणखी एक थर चढवला. यादविगा म्हणजे रोमानची बायको.

एकदा रोमान टोपी काढून आला. "वस्ताद, तुमच्या खिडकीबद्दल जरा बोलायचं होतं..."

"माझ्याकडे शिकलास, आता मलाच शिकवणार?"

रोमानने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो गेला.

जूनमध्ये इथली थंडी आली. दक्षिणेकडून वारं सुटलं आणि खिडकीच्या काचा आतून पाझरू लागल्या. सूर्य आभाळाच्या दुसऱ्याच कडेने, शेजारी जेवून परस्पर निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा, खाली खाली चालत जाई. तेकलाच्या बोटांना गुंडी लागेना. यंदा ढग फार आहेत, असं लूडविकच म्हणे. आभाळ निरभ्र असे. त्याने भिंतीला दोनदा ओळंबा लावून पाहिला. भिंत केसभरही कलली नव्हती.

एका शनिवारी अर्धा दिवस काम करून तो स्टेशनावरून येत होता. वाट रोमानच्या घराच्या उत्तरेकडून होती. भिंतीशी बाकावर तेकला डोळे मिटून बसली होती. वाकडे झालेले तळवे मांडीवर उताणे, आणि त्यांत ऊन. शेजारी यादविगा बटाटे सोलत होती.

चाहूल लागून तेकलाने डोळे उघडले. "रागावू नकोस," ती म्हणाली. "तुझी सुट्टी व्हायच्या आत रोज परत जाते मी. आज शनिवार आहे हे विसरले."

लूडविकला बसायला जागा नव्हती, म्हणून तो उभाच राहिला. लाकडं फोडत असलेल्या रोमानने कुऱ्हाड खाली ठेवली.

"तुझी खिडकी चुकलीय असं मला वाटत होतं," लूडविक त्याला म्हणाला. "आणि मी गप्प बसलो."

"ठाऊक आहे, वस्ताद. तुम्ही त्या खिडकीकडे बघून हसायचात." रोमानने हाताचा भुसा झटकला. "मलाही कुठे अक्कल होती? इथल्या एका म्हाताऱ्या सुताराने सांगितलं, या देशात ऊन उत्तरेचं. तेच सांगायला आलो होतो."

लूडविक घरी गेला. कपडे न बदलताच त्याने छिन्नी आणि हातोडा काढला. भिंत त्याच्याच हातची, सांधा पक्का. वीट सुटायला पाऊण तास लागला. बाहेर कुणीतरी फावड्याने माल कालवत होतं. तो आवाज लूडविक वीस वर्षं ओळखत होता. माल जरा घट्ट ठेव, खिडकीची चौकट बसवायचीय, असं तो आतूनच म्हणाला.

"हो, वस्ताद."

पहिली वीट निघाली. विटेएवढं ऊन आत आलं आणि जमिनीवरच्या धुळीत पडलं. मागोमाग घरी आलेली तेकला हळूहळू खाली बसली आणि तिने त्यात हात ठेवला.

भोकातून रोमानचं छप्पर दिसत होतं. आढ्यावर ती फांदी अजून होती, वाळून तांबूस झालेली. लूडविकने ती पहिल्यांदाच नीट पाहिली. मग त्याने दुसऱ्या विटेला छिन्नी लावली.