आभार नेमके कुणाचे

मी काशीत ब्रह्मा घाटाजवळ राहणाऱ्या साळवेसरांचा इन्व्हर्टर बोलतोय. माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. त्या दुपारी सर आभार मानायला विसरले, असं मला आठवतं; पण तेव्हा मी स्वतःच विझत होतो, आणि विझणाऱ्याची साक्ष कितपत धरायची?

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर होतं; ती उंदरांनी कुरतडली. आयुष्य गेलं सरांच्या जिन्याखाली, त्यांच्या प्रबंधाच्या गठ्ठ्यांशेजारी. सर नगरचे ख्रिस्ती. विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आले आणि निवृत्तीनंतर या मराठी मोहल्ल्यातच राहिले. काहीही बिनसलं तरी प्रभूची स्तुती करायची, हा त्यांचा नेम. दूध नासलं, स्तुती. माकडाने चष्मा पळवला, स्तुती. ती मात्र जरा दातओठ खाऊन. लाइट गेली की खिडकीत उभे राहून मोठ्याने म्हणत, "प्रभू, तुझे आभार."

नेमका त्याच क्षणी मी सुरू होई. गैरसमज झाला यात माझा काय दोष? पहिली तीन वर्षं मी ते आभार नम्रपणे स्वीकारले.

शेजारचे वेदपाठी उल्हासशास्त्री एकदा ओट्यावरून म्हणाले, "सर, गेल्यावर एवढे आभार, मग लाइट आल्यावर काय म्हणता?"

"तेव्हा विसरतो," सर ओशाळून म्हणाले.

आभारांवर हक्क सांगणारा आणखी एकजण होता. खिडकीसमोरच्या खांबावर चढणारा लाइनमन. नाव प्रभुनाथ, गल्ली त्याला प्रभु म्हणे, आणि लाइट गेली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. एकाच खिडकीतून आभार येत. सरांची मराठी त्याला चोख हिंदीच वाटे: 'प्रभु, तुझे आभार.' तो खांबावरूनच हात जोडी. सरांना वाटे, माणूस भाविक आहे.

मग सरांच्या पत्नी मधुवंतीबाईंच्या फुप्फुसांनी दगा दिला. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. माझं महत्त्व वाढलं, निगा नाही. सर दर रविवारी प्रार्थनेत बायबलातल्या 'जिवंत पाण्या'वर तासभर बोलत. माझ्या बॅटरीत पाणी घालायचं मात्र वर्षभर राहून गेलं. शिकलेली माणसं मोठ्या अर्थाचं पाणी कधी विसरत नाहीत.

मे महिन्यातल्या एका दुपारी खांबावरची तार जळाली. मी दहा मिनिटं तग धरला, केविलवाणा कोकललो आणि विझलो. मशीन थांबलं. बाईंचे ओठ निळे पडू लागले. सर मोबाइल उलटा धरून नंबर शोधत होते. खिडकीत कुणीच नव्हतं.

खाली प्रभुनाथ दोन तासांचं काम आहे म्हणून आधी जेवायला निघाला होता. खिडकीखाली थबकला. मग जिन्यावर पावलं वाजली.

"का हो सर, आज आभार ना सुनाई पड़ल. तबीयत ठीक बा न?"

त्याने पलंगाकडे पाहिलं आणि उलट्या पावली पळाला. पलीकडच्या खांबावरून एक तार थेट खिडकीतून आत ओढली. मशीन पुन्हा घरघरू लागलं.

बाई वाचल्या. सरांनी मात्र मनाला लावून घेतलं. आयुष्यभर नासलेल्या दुधावर स्तुती केली आणि खऱ्या परीक्षेच्या वेळी वाचा बसली. हे ते कुणाला सांगत नसत. फक्त माझ्याजवळ, पाणी घालताना पुटपुटत. हो, आता दर महिन्याला घालत.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर स्तुती जरूर करा. आधी पाणी घाला.

चार वर्षांनी मला न्यायला भंगारवाला आला, तेव्हा कुठे सरांनी ती खंत बाईंना सांगितली. बाईंनी नाकातली नळी जरा सरकवली.

"ओठ हलत होते तुमचे. मी समोरच होते."

"आभार मानत होतो?" सरांनी घाबरत विचारलं.

"छे. 'प्रभू, ये,' म्हणत होतात."

हातगाडीवर चढताना मी एवढंच पक्कं करून घेतलं. आभार नव्हते, बोलावणं होतं. आणि प्रभू जिना चढून आला होता, चपलांसकट.