दहा मिनिटं, काचा बंद

तिसरा नट काही केल्या हलेना, तेव्हा तिनं पाना बाजूला ठेवला आणि गंजलेल्या नळीवर पुन्हा तेल सोडलं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती आणि ती स्वतः मागच्या इंजिनाखाली पाठीवर पडली होती. लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार, तिच्याहून चार वर्षांनी मोठी. गंजाचा भुगा डोळ्यांत पडत होता.

"जोर लावू नकोस, मोडशील," वरून तिचे वडील म्हणाले. ते खुर्चीवर पाय पसरून बसले होते. "तुझा हात मोडायलाच तेवढा चालतो."

गाडीचा मालक शेजारी उभा होता. तो दंतवैद्य होता, दात दाखवत हसला.

या गाडीत हीटर म्हणून वेगळं काही नव्हतं. इंजिनातून धूर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर पत्र्याचं वेष्टण असायचं, त्यातून पंख्याची हवा गरम होऊन आत यायची. हा हीट एक्स्चेंजर, डावा एक, उजवा एक. आतली नळी फुटली की हवेबरोबर धूरही माणसांपर्यंत पोचायचा. नवे आता कुठे मिळत नव्हते. दंतवैद्यानं भंगारातून जुनी जोडी शोधून आणली होती, कारण रविवारी त्याला बायकोला घेऊन डोंगरात जायचं होतं आणि बायकोला थंडी सोसत नव्हती.

"जुना माल म्हणजे भीती वाटते हो," तो म्हणाला.

"आमच्याकडे नियम आहे," तिचा म्हातारा बाप म्हणाला. "जुना भाग मी तपासतो, खडूनं खूण करतो. आणि ज्यानं खूण केली, त्यानंच पहिल्यांदा आत बसायचं. काचा बंद, हीटर पूर्ण उघडा, दहा मिनिटं. एकदा खडू हिच्या हातात दिला होता. एकोणीस वर्षांची होती. फुटका माल पास केला बाईसाहेबांनी. चौथ्या मिनिटाला दार उघडून भडाभडा ओकली. माझे बूट गेले कामातून."

दंतवैद्य पुन्हा हसला. बावीस वर्षं ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर मिळत आली होती. ती दोन दिवस डोकं धरून पडली होती, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही. नट सुटला. तिनं तो डब्यात टाकला.

म्हाताऱ्याला दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं. कप ठेवताना तो आधी बोटांनी टेबलाची कड शोधायचा. गॅरेज तीच चालवत होती, पण खडू अजून त्याच्याच खिशात होता आणि त्या खुणेशिवाय इथून एक गाडी बाहेर पडत नव्हती. मागच्या महिन्यात तिनं तो मागितला होता. "माझे डोळे मिटले की घे," तो म्हणाला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही अजून धड जळलेला नव्हता.

दंतवैद्य दवाखान्यात गेल्यावर तिनं भंगारातली जोडी टेबलावर ठेवली. तपासायची रीत सोपी होती. वायरीला लावलेला बल्ब धुराच्या नळीत सरकवायचा आणि वेष्टणाच्या तोंडातून आत बघायचं. उजेड दिसला तर भोक आहे. बल्बचं बटण जुनं होतं, दाबलं की मोठा खटका व्हायचा.

तिनं बल्ब आत सरकवला. बटण दाबलं नाही.

"बघा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं वेष्टणाचं तोंड डोळ्याला लावलं, फिरवलं, नळीवर बोटाची पेरं वाजवली. मग दुसरा घेतला, तोही वाजवला. त्यावर पेरं पुन्हा एकदा वाजवली.

"अंधार आहे," तो म्हणाला. "दोन्ही ठणठणीत." खिशातून खडू काढून त्यानं चाचपत दोन खुणा केल्या. "बसव."

तो जेवायला गेल्यावर तिनं बटण दाबलं. डाव्यात अंधार होता. उजव्यात वळणापाशी मोहरीएवढे पाच ठिपके उजळले. तिला राग आला नाही. तिला बरं वाटलं, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. संध्याकाळी दंतवैद्यासमोर म्हातारा दार उघडून ओकेल आणि बावीस वर्षांची गोष्ट त्या फरशीवर संपेल. मग उजवा उतरवायचा, दुसरा शोधायचा. गिऱ्हाइकाचं काही बिघडत नव्हतं.

काम मात्र तिनं चोख केलं. नवी गॅस्केट घातली, नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. पाच वाजता गाडी जमिनीवर होती आणि दंतवैद्य दारात.

"बाबा, खूण तुमची आहे," ती म्हणाली. "बसा."

म्हाताऱ्यानं हातानं दार शोधलं, आत बसला, काचा वर केल्या. इंजिन सुरू झालं.

"आवाज काय सुंदर आहे," दंतवैद्य म्हणाला.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. दोन मिनिटं झाली. तीन. चौथ्याला ती एक पाऊल पुढे सरकली. दार उघडलं नाही. म्हातारा सरळ समोर बघत बसला होता. पाचव्या मिनिटाला त्याचा हात हलला, दाराच्या कडेवरची कुलपाची खुंटी त्यानं खाली दाबली. मग तसंच पलीकडच्या दाराचं केलं.

तिनं काचेवर हात मारला. काच दोन बोटं खाली आली. आतला वास तिनं ओळखला.

"सकाळी खटका वाजला नाही," म्हातारा म्हणाला. शब्द जड पडत होते. "आणि उजव्याचा आवाज फुटका होता. म्हटलं, बघू बसवते का."

"बाबा, बाहेर या."

"दहा झाली?"

काच वर गेली. त्याची मान छातीकडे झुकू लागली होती.

ती मागे धावली, इंजिनाचं झाकण उघडलं आणि कॉइलची वायर उपटली. इंजिन बंद पडलं. ती परत येऊन काच बडवत राहिली. दंतवैद्यानं पाना उचलला, तेवढ्यात खुंटी वर आली.

म्हातारा दाराला धरून बाहेर आला, वाकला आणि ओकला. बाहीनं तोंड पुसलं.

"सात तरी झाली असतील," तो दंतवैद्याला म्हणाला. "ही चारातच बाहेर आली होती."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं खिशातून खडू काढला, तिचा हात चाचपून शोधला, खडू तळव्यावर ठेवून तिची बोटं मिटली.

"आजपासून खडू हिचा. मला दिसत नाही, डॉक्टर. उजवा फुटलाय, ते हिला दिसलं होतं. दिसल्यावर बसवलाय."

दंतवैद्य तिच्याकडे वळला. "ताई, खरंच?"

बदलणारच होते, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण तो रविवारी घाटात, बंद काचांमागे, बायकोशेजारी बसलेला तिला दिसला, आणि त्यालाही तेच दिसत असणार.

"हो," ती म्हणाली.

"गाडी मी उद्या ओढून नेतो," तो म्हणाला. किल्ली त्यानं स्वतःच काढून घेतली आणि मागे न बघता गेला.

म्हातारा भिंतीच्या आधारानं खुर्चीपर्यंत पोचला. तिनं फरशीवर पाणी ओतलं, पुसलं, घोड्या पुन्हा लावल्या.

"उजवा उतरव," तो डोळे मिटून म्हणाला. "आणि दिवा लावशील तेव्हा मला खटका ऐकू येऊ दे."

ती गाडीखाली सरकली. तापलेल्या पत्र्यावर त्याची खूण अजून तशीच होती. तिनं खडू दातांत धरला आणि बल्बचं बटण दाबलं.