धुक्यातली जनसेवा

खासदार खंडेराव रणनवरे यांनी सारं आयुष्य पाण्यासाठी वेचलं. पाणी लोकांना प्यायलाही लागतं, ही बाब त्यांच्या लक्षात जरा उशिरा आली.

दोष त्यांचा नव्हता, शिडाच्या होडीचा होता. पुण्यात कॉलेजात असताना एका श्रीमंत मित्राने त्यांना खडकवासल्याच्या पाण्यावर फिरवून आणलं. खंडेराव ज्या तालुक्यातून आले होते तिथे नदी नकाशात असे आणि विहिरीत डोकावलं तर तळाचे दगड दिसत. इतकं पाणी एका जागी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यावरून इंजिन नाही, वल्हं नाही, नुसत्या वाऱ्यावर होडी कलून धावते, आणि आपण दोर धरून मागे झुकायचं. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, आपल्या तालुक्यात धरण झालंच पाहिजे.

धरणासाठी त्यांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, तुरुंगात गेले. लोक त्यांना 'जलनायक' म्हणू लागले आणि निवडून देऊ लागले. धरण झालं. मग लोकांनी कालवा मागितला. कालवा काढला तर धरणाची पातळी उतरणार, हे खंडेरावांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी कालव्याच्या फेरविचारासाठी समिती नेमवली. समिती अजून विचार करते आहे.

खासदार होऊन दिल्लीला आल्यावर मात्र पंचाईत झाली. बंगला मिळाला, हिरवळ मिळाली, माळी मिळाला. पाणी काही मिळेना. यमुनेवर त्यांनी एकदा शीड उभारून पाहिलं. ते धुवायला धोब्याने नकार दिला.

उदारीकरण आलं तेव्हा खंडेरावांनी लोकसभेत त्याविरुद्ध जळजळीत भाषण केलं. पुढे परदेशी मालाची वाट मोकळी झाली, तेव्हा या धोरणाला दुसरी बाजूही आहे, असं त्यांचं मत झालं. त्या दुसऱ्या बाजूने फायबरची एक पांढरी होडी आली. तिचं नाव त्यांनी 'जनसेवा' ठेवलं. त्यामुळे फोनवर "साहेब जनसेवेत आहेत" असं सांगताना त्यांचा पीए शांताराम याला खोटं बोलावं लागत नसे. शांताराम हा फौजेतला निवृत्त हवालदार, खोटं बोलायची सवय नव्हती त्याला. बोलला की फसायचा.

होडीला पाणी दिलं खुराना नावाच्या बिल्डरने. मानेसरच्या वाटेवर, अरवलीच्या पायथ्याशी त्याने एक जुनी दगडखाण विकत घेतली होती. खाणीत पाणी साचलं होतं. खुरानाने खाणीला 'लेक' म्हटलं आणि भोवतालच्या मोहरीच्या शेतांना 'लेक व्ह्यू'. तळ्याची खोली चाळीस फूट, असं त्याच्या रंगीत माहितीपत्रकात छापलेलं होतं. तळ्यावर पांढरं शीड फिरताना दिसलं की फ्लॅटला उठाव येतो, हे खुरानाला ठाऊक होतं. म्हणून होडीला जागा फुकट, आणि बदल्यात गिऱ्हाइकं यायची असतील त्या दिवशी साहेबांनी एक फेरी मारायची. शिवाय एखाद्या परवानगीसाठी एखादा फोन.

असं सगळं सुरळीत चालू असताना सत्त्याण्णवच्या पावसाने तालुक्याकडे पाठ फिरवली, आणि अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक लागली. तालुक्यात खंडेरावांच्या बायकोचा, गिरिजाबाईंचा भाचा पृथ्वीराज टँकर फिरवत होता. प्रत्येक टँकरवर त्याचा हात जोडलेला फोटो होता. आता त्याला आतोबांची उमेदवारी हवी होती.

उमेदवारी गेली तर बंगला जाणार, बंगला गेला की खुराना ओळख विसरणार. गावी परतावं, तर धरणाच्या तळाशी मेंढरं बसत होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी होडी टेकवायला खंडेरावांना जगात दुसरं पाणी नव्हतं.

पक्षश्रेष्ठींच्या बंगल्यावरून बोलावणं येईल म्हणून ते आठवडाभर फोनशेजारी बसून होते. झोप उडाली, जेवण सुटलं. संक्रांतीच्या सकाळी त्यांना ते सहन होईना.

"मी जरा तळ्यावर जाऊन येतो."

"या धुक्यात? मग मीही येते," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुमचं डोकं ठिकाणावर नाही." श्रेष्ठींच्या पत्नीसाठी केलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा त्यांनी बरोबर घेतला. न जाणो, तिकडूनच जावं लागलं तर.

तळ्याकाठी खुराना दोन कुटुंबांना फ्लॅट दाखवत होता. मोबाइलला रेंज फक्त टेकाडावर यायची, म्हणून शांताराम फोन घेऊन टेकाडावर उभा राहिला. नवरा-बायको होडीत बसले. थोडा वारा होता. होडी निघाली, आणि पाठोपाठ धुकं असं खाली आलं की काठ नाहीसा झाला, टेकाड नाहीसं झालं, शिडाचा शेंडाही दिसेना. मग होडी हळू झाली आणि थांबली.

"वारा पडला," खंडेराव म्हणाले.

"मग आता?"

"आता काही नाही. वाट पाहायची."

तेवढ्यात धुक्यातून शांतारामचा आवाज आला. "साहेऽब! फोन आला! श्रेष्ठींनी बाराला बोलावलंय! बाराऽ!"

खंडेराव ताडकन उठले, होडी डुचमळली, खाली बसले.

"अहो, वल्हं कुठंय?"

"वल्हं नसतं माझ्या होडीत. तुला माहीत आहे."

"का नसतं?"

"शिडाच्या होडीत वल्हं ठेवणं म्हणजे अपमान आहे."

"कुणाचा?"

"होडीचा."

"बरं. मग होडीलाच देतील तिकीट."

खंडेरावांनी डब्याचं झाकण काढलं आणि त्याने पाणी मारायला सुरुवात केली. होडी जागच्या जागी गोल फिरली आणि पुन्हा होती तशी झाली. त्यांनी दुसऱ्या बाजूने मारलं. ती उलटी फिरली. बोटं गारठून निळी पडली.

"शांताराम! पोहत ये! दोर घेऊन ये!"

"मला पोहता येत न्हाई, साहेब! मी सगळी नोकरी राजस्थानात केली!"

पोहता खंडेरावांनाही येत नव्हतं. होडी चालवणाऱ्याला पोहता येण्याची गरज पडली, म्हणजे त्याला होडी चालवता येत नाही, असं ते म्हणत.

काठावरून खुरानाचा आवाज येत होता. गिऱ्हाइकांना तो सांगत होता, "देखिए जी, एमपी साहब कोहरे में भी सेलिंग करते हैं. ऐसा माहौल पूरे एनसीआर में नहीं मिलेगा."

थोड्या वेळाने पुन्हा शांताराम. "साहेब, विचारतायत निघालात का! मी सांगितलं, साहेब पानिपतला गेलेत! काला अंबला, अभिवादनाला! तिथनं थेट येतील!"

"शाब्बास!" खंडेराव ओरडले.

खरंच शाब्बास होती. तारीख चौदा जानेवारी, लढाईचा दिवस. त्या दिवशी दिल्लीतला मराठी पुढारी पानिपतच्या स्मारकावर गेला म्हटलं की त्याला उशिराबद्दल कुणी बोल लावत नाही. फक्त एक गोष्ट शांतारामच्या ध्यानात आली नाही, की त्या दिवशी तिथे दुसराही मराठी पुढारी असणार. ती पुढच्या फोनवर आली.

"साहेब, घोटाळा झाला! पृथ्वीराजदादा काला अंबलाच हायेत! पत्रकारांची बस घेऊन गेलेत! बंगल्यावरनं त्यांना विचारलं, तर म्हणाले, आतोबा हिकडं दिसले न्हाईत!"

खंडेरावांनी झाकण खाली ठेवलं. मग म्हणाले, "संपलं, गिरिजा."

"वडी खा एक. थरथरताय."

"गावी जाऊन काय करू मी? धरणात मेंढरं बसतात गं. मेंढरं!"

"आणि माणसं काय करतात, ते नाही विचारलंत कधी. माझ्या माहेरी चार दिवसांनी टँकर येतो."

"पृथ्वीराजचा. म्हणून त्याची बाजू घेतेस?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. पाणी त्याचं येतं, एवढंच सांगतेय."

खंडेराव रडू लागले. आवाज न करता, शिडाचा दोर हातात घट्ट धरून. खासदार झाल्यापासून ते सभांमधून पुष्कळदा रडले होते, पण गिरिजाबाईंनी हे रडणं पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी शालीचं टोक नवऱ्याच्या गुडघ्यांवर टाकलं.

आणि मग वारा आला. धुकं हललं, शीड फडफडलं, भरलं, टम्म फुगलं. खंडेरावांनी डोळे पुसून सुकाणू धरलं. "बस, दहा मिनिटांत काठावर!"

होडी हलली नाही.

त्यांनी दोर ओढला, सैल केला, पुन्हा ओढला. शीड पोटभर वारा घेऊन उभं, आणि होडी तिथल्या तिथे.

"असं होऊच शकत नाही," खंडेराव म्हणाले. "वारा आहे. शीड आहे. पाणी आहे."

गिरिजाबाईंनी वाकून पाण्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, होडीच्या कडेवर बसल्या आणि पाय बाहेर सोडले.

"गिरिजा! अगं, चाळीस फूट आहे! वेडी झालीस का!"

त्या घसरल्या. खंडेराव किंचाळले. पाणी गिरिजाबाईंच्या कमरेपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"टेकले पाय," त्या म्हणाल्या. "चिखल आहे नुसता. उतरा."

खुरानाचं बांधकाम आठ टॉवरांचं होतं आणि पंप सगळा हिवाळा तळ्यातलंच पाणी उपसत होते. होडीच्या पोटाखालचं उभं फळकूट गाळात रुतलं होतं. वाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

"होडी सोडून कसा येऊ मी?"

"मग बसा तिच्यात पाच वर्षं."

खंडेराव उतरले. धुकं आता विरलं होतं आणि काठ दगड मारला तर पोचेल इतका जवळ होता. दोन्ही कुटुंबांनी पाहिलं: चाळीस फूट खोल तळ्यातून खासदार आणि त्यांच्या पत्नी चालत येत होते, पत्नीच्या डोक्यावर डबा होता. खुरानाचे दोन फ्लॅट तिथेच बुडाले, कमरेएवढ्या पाण्यात.

अँबेसेडरला हीटर नव्हता. रस्ताभर ट्रक, धूळ, अर्धवट उभे टॉवर. मागच्या सीटवर खंडेरावांचे दात वाजत होते आणि ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "एक टर्म. फक्त एक टर्म." श्रेष्ठींच्या बंगल्यावर पोचायला एक वाजून गेला. गिरिजाबाई गाडीतच थांबल्या. ओल्या साडीने वाण द्यायला जाणं त्यांना पटेना.

बैठकीच्या खोलीत पृथ्वीराजही नुकताच पोचला होता. कपाळाला काला अंबची माती. त्याने वाकून नमस्कार केला.

"आतोबा, तुम्ही ओले कसे?"

"पानिपतला पाऊस होता."

"तिकडे ऊन होतं, आतोबा."

खंडेरावांनी त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला. पायांवरून चिखलाचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं. "बाळा, तू लहान आहेस. तुला पुढे सगळं मिळणार आहे. या खेपेला सोड. तेवढं एकच पाणी आहे रे मला. हात जोडतो तुझ्यापुढे."

पृथ्वीराजला खरोखरच वाईट वाटलं. "कसलं पाणी, आतोबा? बंगल्यावर टंचाई आहे का? टँकर लावून देऊ?"

आतलं दार उघडलं आणि श्रेष्ठींचे सचिव बाहेर आले. दोघेही उठून उभे राहिले. मतदारसंघ आदल्या दिवशीच्या जागावाटपात मित्रपक्षाला सुटला होता, आणि तेवढंच सांगायला दोघांना बोलावलं होतं.