पारोसं सामान

माझा स्वभाव तापट आहे, हे माझ्या माहेरच्यांनी रहाटणीत सोयरीक ठरवताना लपवून ठेवलं होतं. लपवाछपवी सासरच्यांनीही केलीच. घरात माणसं तेरा आणि खोल्या चार, एवढं त्यांनी सांगितलं. चौथ्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही, हे मात्र कोणी बोललं नाही.

ती मागची अंधारी खोली माझ्या सासऱ्यांची, चिमाजीमामंजींची. तीन फाटक्या चामडी मोटा, मोडका कुळव, विहिरीचे कुजलेले दोर, बूड गेलेल्या घागरी आणि त्यावर टोपल्यांचा ढीग. मामंजींना काहीच टाकवत नसे. "असू दे, येळंला लागंल," म्हणायचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण ती वेळ काही मी आलेली पाहिली नव्हती.

एरवी पदरी पडलं पवित्र झालं म्हणून मी गप्पही बसले असते. पण सत्तावन्न साली माझ्या नवऱ्याची नोकरीच त्या खोलीपाशी येऊन अडली. नवऱ्याचं नाव ज्योतीराम. या वयात नाव घ्यायला कसली आलीय लाज! पिंपरीच्या औषधांच्या कंपनीत ते लागले होते. आमच्या घरातला नांगर सोडून मशीन धरणारा पहिला माणूस. कंपनीचा सदरा ते स्वतः घडी करून ठेवायचे, मला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

महिन्यातून एक आठवडा रातपाळी असे. सकाळी येऊन ओसरीवर पाठ टेकली, की इकडे जातं सुरू, तिकडे पोरांची विटीदांडू, त्यात थोरल्या जाऊबाईंचं तान्हं. डोळ्याला डोळा लागायचा नाही. गेल्या पाळीत ते मशीनपाशी दोनदा पेंगले. साहेबांनी बजावलं, तिसऱ्यांदा पेंगलास तर घरी बसायचं. आणि पुढची रातपाळी घट बसायच्या दिवशीच सुरू होणार होती. हाताशी दिवस उरले होते आठ.

मी डोक्यावरचा पदर सारखा करून सरळ मामंजींना विचारलं, "मामंजी, मागची खोली ह्यांना निजायला मोकळी करून द्याल का?"

"दिवसा निजायला?" मामंजींचा हात ताटातच थांबला. "दिवसा घुबाड निजतं. झेपत नसंल तर सोड म्हनावं नोकरी आन् धर औत."

ह्यांनी मान खाली घालून भाकरी संपवली. मला असा संताप आला, की त्या दिवशी मी दोन शेर ज्वारी एका दमात दळली.

घट बसायच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. घरातली प्रत्येक वस्तू नदीवर नेऊन धुवायची, मग घर सारवायचं. धुतल्याशिवाय काहीही आत घ्यायचं नाही. त्याबाबत माझ्या सासूबाई, रुक्मिणीआत्याबाई, भारी कडक होत्या. फक्त अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडून त्या पुढे जायच्या. यंदा त्यांनी शिंपडायला हात उचलला तशी मी म्हणाले, "आत्याबाई, आत सगळं पारोसं सामान आहे. घराला चालंल, पण देवीला चालंल का?"

आत्याबाईंचा हात वरच राहिला. तशाच त्या मामंजींकडे गेल्या. "आवं, ऐकलं का? ती खोलीबी काढा. पारोशा घरात मी घट बसवायची न्हाई."

देवीपुढे मामंजींचं काय चालणार? पण ते अडले. "औताच्या सामानाला बायांनी हात लावायचा न्हाई. रीत हाय ती."

"व्हय की," मी म्हणाले. "मग मामंजी, तुमीच धुवा."

दुसऱ्या दिवशी पवनेच्या काठावर आम्ही बायका गोधड्या आपटत होतो आणि पलीकडच्या दगडावर धोतर खोचून मामंजी मोट घासत होते. भिजलेल्या चामड्याच्या वासाने कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसली.

शेजारच्या छबूबाईंना राहवेना. "दाजी, मोटंला शिकेकाई लावा की वाईच!"

सगळा काठ हसला. मामंजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पहिली मोट घासता घासताच उसवली. दुसरी उन्हात धरली तर तिच्यातून पलीकडचा काठ दिसला. "दोन्ही चांभाराला द्या," ते पुटपुटले. तिसरी प्रवाहात हातातून सुटली. सुटली की सोडली, हे पवनामाईलाच ठाऊक. पाठीत उसण भरली तशा कुळव आणि टोपल्या चुलीला गेल्या, दोर आणि घागरी शेजारचे दौलतराव घेऊन गेले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी मनात नाचत होते.

सगळ्यात शेवटी उरलेल्या टोपलीच्या तळातून एक बिनकाचेचा कंदील निघाला आणि त्याला गुंडाळलेली गोफण. मामंजी ते दोन्ही हातात घेऊन दगडावरच बसले. घासेनात की उठेनात. ऊन लागलं की काय, म्हणून मी तांब्याभर पाणी घेऊन गेले.

"ह्यो माझा राखणीचा कंदील," ते म्हणाले. "ज्योतीएवढा हुतो. रातभर शेतातल्या माळ्यावर बसून ज्वारीतली डुकरं हाकायचो."

"आणि दिवसा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी गोफणीची दोरी बोटाला गुंडाळली. "दिवसा आई त्याच खोलीत निजवायची. दारात सूप घेऊन निवडत बसायची. कुनाला तिकडं फिरकू द्यायची न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. घुबडावरून त्यांना ऐकवायचं म्हणून इतके दिवस एक वाक्य मी जिभेवर घोळवत ठेवलं होतं. ते मी गिळलं, आणि गिळल्याचं मला बरंही वाटलं.

कंदील आणि गोफण मामंजींनी स्वतः धुतली. घरी परत आलं ते एवढंच.

घट बसले, त्या रात्री हे कामावर गेले. सकाळी आले तेव्हा अंधारी खोली सारवून कोरडी झाली होती. खुंटीवर कंदील होता. झरोक्यातून उजेड यायचा, तिथे मामंजींनी स्वतःची घोंगडी टांगली होती. हे आत जाऊन आडवे झाले आणि क्षणात घोरायला लागले.

मामंजी दारात बसले, मांडीवर गोफण. पोरांची विटीदांडू त्यांनी पार वेशीकडे हाकलली. जातं थांबवलं. आत्याबाईंनी आरतीला झांज उचलली तर त्या झांजेवरही डोळे वटारले, देवीची का असेना.

दुपारी दौलतराव ओरडतच अंगणात आले, "चिमाजी! आरं हाईस का घरात?"

मामंजींनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल, गड्या," ते म्हणाले. "आमचा ज्योती रातच्या राखणीला हुता."