घुटीचं पाणी

नातवाचं पोट बिघडलं की जयवंताबाईला आधी राग यायचा, काळजी मागून. राग अर्थातच सुनेवर. वांकिडीजवळच्या त्या गावातली निम्मी पोरं तिच्या हातची घुटी चाटून मोठी झालेली, आणि तिच्याच घरात दीड वर्षाच्या भार्गवची हगवण काही केल्या थांबेना.

औषधानं थांबायची, चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. राजुऱ्याला आजोळी गेला की पोराचे गाल वर यायचे आणि इथं आला की बरगड्या. शेजारणी हे मुद्दाम बोलून दाखवायच्या. ते जयवंताबाईच्या जिव्हारी लागायचं, आणि मग ती सुनेला, रुपाला, बोलायची, की आईच्याच हातात स्वच्छता नाही तर पोर काय करील.

रुपा बिचारी पोराचं पाणी उकळून वेगळ्या गडव्यात झाकून ठेवी. सासू त्यावर तोंड वाकडं करी. उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, हे तिचं ठाम मत. ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याला वाळूतून गाळून येतं, तेच खरं पाणी. सुनेला पाजायचं ते पाजू दे, घुटी मात्र तिची. रुपा कापूस वेचायला गेली की ती सहाण काढायची, झिऱ्याच्या पाण्याचे थेंब टाकून मुरुडशेंग उगाळायची आणि नातवाला बोटानं चाटवायची. पोट जास्त बिघडलं की मुरुडशेंगेचे वेढेही जास्त. माया तिच्यात मुळीच कमी नव्हती.

हिवाळ्यात पोर मान टाकायला लागलं तेव्हा दोघी त्याला घेऊन वांकिडीच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर जान्हवी आदिलाबादच्या जुन्या मराठी घरातली. तिनं पोराची शी तपासून घेतली, गावातलं पाणी कुठलं ते विचारलं. आतड्यात जंतू आहेत, म्हणाली. डोळ्यांना न दिसणारे, अंगावर कवच असलेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला गुरं-माणसं बसतात, तिथून ते वाळूतूनही खाली उतरतात आणि थेंबभर पाण्यातूनही पोटात जातात. पाणी उकळलं तरच मरतात.

उकळल्याशिवाय थेंब जात नाही हो याच्या तोंडात, असं सांगताना रुपा रडकुंडीला आली. डॉक्टर बुचकळ्यात पडली. औषध लिहून दिलं आणि म्हणाली, आजोळी बरा राहतो तर उन्हाळ्यापर्यंत तिकडंच ठेवा. रुपानं होकाराची मान हलवली.

जयवंताबाईला घरची सहाण आठवली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसून उद्यापासून पाणी बदललं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मात्र बोल रुपाच्या माथी राहिला असता. आणि खरं सांगून टाकलं, तर अशा म्हातारीजवळ पोराला पुन्हा कोण ठेवील?

"थेंब जाते, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "मीच देतो. घुटी मी झिऱ्याच्या पाण्यानं उगाळतो. हिले माहीत नाई. हिचं काईच चुकलं नाई."

परतीच्या ऑटोत रुपा एक शब्द बोलली नाही. जयवंताबाईनं बोलणी खायची तयारी ठेवली होती. ती परवडली असती.

घरी येताच तिनं सहाण अन् मुरुडशेंग फडक्यात बांधून सुनेपुढं ठेवली. "हे फेकून दे. अन् पोराले घेऊन राजुऱ्याले जाय. मी अडवत नाई."

रुपानं उकळलेल्या पाण्याचा गडवा आणून त्या गाठोड्याशेजारी ठेवला.

"राग आहे मले," ती म्हणाली. "लय आहे. पण तुमच्याबिगर झोपत नाई तो. डॉक्टरचं औषध होऊ द्या, मंग घुटी द्या. याच पाण्यानं."

इतक्या वर्षांची सवय, जयवंताबाईच्या तोंडून निघूनच गेलं, की मेल्या पाण्यात औषधाले जीव राहत नाई, पोरी.

"औषधाले नसला तं नसू द्या, आत्याबाई. पोरात राहू द्या."

जयवंताबाईनं चुलीवर आधण ठेवलं, गाठोडं सोडलं आणि कढत पाण्यानं सहाण धुतली. मग पुन्हा एकदा धुतली.