मांडीवरचं मूल

“बाळाचा जन्मदाखला द्या,” काउंटरवरच्या मुलीनं हात पुढे केला. मावशींनी ठमीला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या हातानं पिशवीतलं प्लास्टिकचं फोल्डर काढलं.

येताना गाडीत याच दाखल्यावरून ठमीच्या वडिलांशी, दादांशी, त्यांची जुंपली होती.

“विमान देशातल्या देशात जातंय ना? मग एवढ्याशा जिवाला कसला दाखला?”

“मावशी, दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं. ती आतली आहे हे त्यांना कसं कळणार?”

“तोंड उघडून दात बघा म्हणावं. दाढा कुठं आल्यात अजून?”

दादा हसले होते, पण हसता हसता त्यांचा चेहरा कसनुसा झाला. घर रिकामं करून, इथली नोकरी संपवून तिकडे जायला त्यांना अजून अवकाश होता. वहिनी, म्हणजे ठमीची आई, तिथल्या नव्या नोकरीवर केव्हाच रुजू झाल्या होत्या. तिकडे पाळणाघर ठरलं, आणि मग ठमीला पोचवायचं काम मावशींवर आलं. सोडायचं आणि त्याच दिवशी परत फिरायचं. रजा मिळत नाही म्हणून दादांनी दहादा माफी मागितली. विमानतळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा मात्र ठमीचा पापा घेऊन ते पटकन वळले आणि मागं न बघता निघून गेले.

काउंटरवरच्या मुलीनं दाखला वाचला, मग मावशींचं ओळखपत्र वाचलं, मग परत दाखला.

“तुम्ही आई नाही.”

“नाही.”

“आजी?”

“नाही हो. मी सांभाळते हिला.”

“नातं काय आहे?”

मावशी जरा घोटाळल्या. “नातं असं नाही. अगदी तान्ही असल्यापासून माझ्याकडं आहे.”

मुलीनं फोल्डरमधलं दादांच्या सहीचं पत्र पाहिलं, त्यांना फोन लावला. तो काही लागेना. मग तिनं मागं वळून टाय लावलेल्या उंच साहेबांना बोलावलं. रांगेतला एक माणूस “झालं आता!” म्हणून बॅगेवर बसला.

साहेब वागायला बरे होते. त्यांनी वाकून ठमीच्या गालाला बोट लावलं.

“काय गं छकुले, आई कुठाय तुझी?”

ठमीनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, मग हात लांब करून काउंटरवर पडलेला त्या मुलीचा मोबाईल दाखवला.

“आई,” ती ठामपणे म्हणाली.

रांगेत खसखस पिकली. साहेबांनी भुवया उंचावल्या. “आणि या कोण?”

ठमीनं मावशींच्या कानाची पाळी मुठीत धरली, खांद्यावर डोकं टेकलं. एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर देण्याची तिला गरज वाटली नसावी.

मावशींच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. “साहेब, चूक माझी आहे. हिची आई परगावी. रोज संध्याकाळी मी फोन पुढ्यात धरते, ही बघ आई, म्हण आई. विसरू नये म्हणून. तर आता हिला फोन दिसला की...” त्यांनी पिशवीतून स्वतःचा फोन काढून पुढं केला. “तुम्हीच लावून बघा. माझ्या फोनमध्ये पहिलंच नाव आहे.”

साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या काचेवर वहिनींचा चेहरा आला, मागं कसलीशी वर्दळ. “काय झालं? मावशी, काय झालं?” ठमी “आई!” म्हणून झेपावली आणि रोजच्यासारखं तिनं काचेला ओठ लावले. काच ओली झाली. वहिनींनी आपलं ओळखपत्र कॅमेऱ्यापुढं धरलं. साहेबांनी दाखल्यावरचं नाव ताडून पाहिलं, फोन पुसून परत दिला.

“जाऊ द्या त्यांना,” ते मुलीला म्हणाले. “बाळ तुमच्या मांडीवर हं, मावशी. त्याला वेगळी जागा नाही.”

“असू दे,” मावशी म्हणाल्या. “तिला मांडी पुरते.”

विमानात त्या बसल्या आणि दोन बाजूंचे पट्टे ओढून जोडायला लागल्या, तेवढ्यात हवाईसुंदरी धावत आली. “थांबा, थांबा. तुमचा पट्टा इतक्यात लावायचा नाही. आधी बाळाचा त्यात ओवायचा.” तिनं एक इवलासा पट्टा आणला, मावशींच्या पट्ट्यातून ओवून घेतला, ठमीच्या पोटाभोवती लावला आणि मग दोघींचं मिळून एकदाच खट्‌ वाजलं. मावशींना मजा वाटली. आजवर इतकी मुलं खेळवली, पण कुणी त्यांना मुलाशी असं बांधून ठेवलं नव्हतं.

मुलं होतीही पुष्कळ. कुणाची दोन वर्षं, कुणाची तीन. शाळेत जायला लागलं की मूल सुटायचं. मागं एकदा बाजारात एक मिसरूड फुटलेला मुलगा समोर आला. कपाळावरची खोकेची खूण मावशींनी लगेच ओळखली. पलंगावरून पडला तेव्हा त्यांनीच हळद दाबली होती. “काकू, जरा बाजूला होता का,” एवढं म्हणून तो पुढं गेला. मावशी बाजूला झाल्या. त्यात त्याचं काही चुकलं असं त्यांना वाटलं नाही. स्वतःची लेक मात्र त्या सगळ्या वर्षांत जावेकडे वाढली. असं का, हे लेकीनं कधी तोंडानं विचारलं नाही, आणि मावशींनीही तो विषय काढला नाही.

ठमी झोपली. झोपेतही पाळी सुटली नव्हती. खिडकीबाहेर नुसता पांढरा उजेड होता.

मावशींना आदल्या दिवशीचं वहिनींचं बोलणं आठवत होतं. आवाज अगदी लहान करून त्यांनी विचारलं होतं, “मावशी, ओळखेल ना हो ती मला?”

“न ओळखायला काय झालं? रोज बघते की.”

त्या तसं म्हणाल्या खऱ्या. पण आता काउंटरवरच्या मोबाईलकडे गेलेला तो इवलासा हात काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

व्हायचं तेच झालं. उतरल्यावर विमानतळाचं काचेचं दार उघडलं आणि गर्दीतून वहिनी धावतच आल्या. निळा कुडता, केस तसेच कसेबसे बांधलेले. “सोनुली माझी!” त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ठमीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मावशींच्या मानेत तोंड खुपसून असा काही टाहो फोडला, की सामान ओढणारी माणसं थबकली.

“अगं, आई आहे. आई!”

“आई, आई,” ठमी रडत रडत मावशींच्या पिशवीकडे हात करायला लागली. तिला फोन हवा होता.

वहिनींचे हात तसेच हवेत राहिले. “मावशी...” त्या म्हणाल्या.

मावशी बाकावर बसल्या. पोरीच्या पाठीवर थोपटत त्यांनी श्वास घेतला. पोर आज रडली असती, उद्याही रडली असती. मग आपोआप रुळली असती. पोरं रुळतात. पण वहिनींचं काय?

“वहिनी, असं करा. त्या खांबामागं जा आणि मला फोन लावा.”

“आत्ता?”

“लावा तर खरं. रोज लावता तसाच. रडका चेहरा नको, रोजच्यासारखं हसा.”

फोन वाजला. ठमीचा हुंदका अर्ध्यावर थांबला. काचेवर चेहरा उमटला. “आई!”

“काय गं ठमे, जेवलीस का?” वहिनींचा आवाज कापत होता, पण प्रश्न रोजचाच होता. ठमीनं काचेला ओठ लावले.

“आता बोलत बोलत या,” मावशी म्हणाल्या. “गाणं म्हणता ना ते, चिऊचं, तेच म्हणा. आणि सावकाश या.”

गाणं फोनमधूनही येत होतं आणि खांबाकडूनही. वहिनी समोर येऊन खाली बसल्या, तेव्हा मावशींनी हातातला फोन हळूहळू खाली केला. काच खाली गेली आणि काचेतला चेहरा होता त्याच जागी तोच चेहरा राहिला. ठमीनं खाली फोनकडे पाहिलं. वर पाहिलं. परत खाली. मग तिनं तळवा वहिनींच्या गालावर ठेवला. गाल ओला होता आणि ऊन होता. तिला त्याचं मोठं नवल वाटलेलं दिसलं. तिनं पुढं वाकून तिथं ओठ लावले.

झोपलेलं मूल खाली ठेवायची एक रीत असते. आधी पाय टेकवायचे, मग पाठ, सर्वांत शेवटी डोकं. आणि हात लगेच काढायचा नाही. पाठीखाली तसाच राहू द्यायचा, मुलाला कळणार नाही इतक्या हळू सरकवायचा. मावशींनी ठमीला तशीच दिली. वहिनींच्या कुशीत ती पुरती गेल्यावरही त्यांचा तळवा थोडा वेळ तिच्या पाठीवर होता. मग नव्हता.

“झोपताना कानाची पाळी धरते,” फोल्डर देताना त्या म्हणाल्या. “नखं लागतात. पण धरू द्या.”

“मावशी, तुम्ही चार दिवस राहा ना.”

“नको. परत माझ्याकडं झेपावेल. तुमची एवढी मेहनत फुकट जायची.”

“माझी कसली मेहनत!” वहिनींना परत रडू फुटलं.

ठमी वहिनींच्या कुडत्याची गुंडी उघडण्यात दंग होती. मावशी मागच्या मागं निघाल्या.

परतीच्या काउंटरवर एक तरुण पोरगा होता. “काकू, बाळ कुठाय?”

“अं?”

“तिकिटावर मांडीवरचं मूल दाखवतंय. त्याचा जन्मदाखला लागेल.”

दादांच्या लक्षात आलं नसणार. जाताना जसं काढलं तसंच येतानाचंही काढलं असणार त्यांनी, दोघींचं.

“ती पोचली,” मावशी म्हणाल्या. “तिच्या आईकडं.”

“म्हणजे आत्ता बरोबर नाही?”

“नाही.”

“मग नाव काढून टाकू?”

मावशींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “काढा,” त्या म्हणाल्या.

त्यानं एक बटण दाबलं. “झालं.”

“लगेच?”

“लगेच, काकू. त्याला काय लागतंय.”

विमानाच्या दाराशी रांगेत असताना लेकीचा फोन आला. “आई, जेवलीस का गं काही?”

“जेवते की घरी आल्यावर.”

“पोर रडली?”

“थोडी.”

“आणि तू?”

“मला काय झालंय,” मावशी म्हणाल्या. लेक म्हणाली, “मी न्यायला येते. बाहेर थांब.”

आत त्यांना खिडकीची जागा मिळाली. माणसं बसली, वरचे कप्पे खटाखट लागले. विमान हलायला लागलं. हवाईसुंदरी रांगेरांगेतून बघत आली आणि मावशींपाशी थांबली. मावशी दोन्ही हातांत पट्ट्याची दोन टोकं धरून, ती न जोडता, तिच्याकडेच बघत होत्या.

“काकू, पट्टा लावा ना.”

“हो?” मावशी म्हणाल्या. “मला वाटलं, थांबायचं असतं.”

त्यांनी टोकं जोडली. पट्टा सैल राहिला होता. तो त्या ओढत राहिल्या, तेव्हा कुठं पोटाला लागला.