शंका घेतली की पाणी निळं पडतं

कारखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. जीन्सचं कापड रंगवणारे कामगार, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, सरकारी गाडीतून उतरलेले साहेब, सगळे एका स्टीलच्या नळकांड्याकडे डोळे लावून उभे होते. वरून बादलीभर निळंशार सांडपाणी ओतलं गेलं. नळकांडं घुमलं, त्यावरचे दिवे लुकलुकले आणि खालच्या तोटीतून नितळ, किंचित पिवळसर पाणी बाटलीत पडू लागलं. कोणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. साहेबांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग इकडेतिकडे बघून त्यांनीही जोडले.

"हा पिवळेपणा नाही!" पांढऱ्याशुभ्र कोटातला यंत्राचा जनक माइकवर गरजला. "ही ऊर्जेची सोनेरी झाक आहे. पाण्याला मन असतं. माझं यंत्र त्या मनाला शांत करतं, मग विष आपणहून निघून जातं. वास येतोय ना? तो जाणाऱ्या विषाचा वास आहे!"

लोक त्याला जलमहर्षी म्हणत. हे नाव त्याचं त्यानेच पसरवलं होतं. ऊर्जा आणि पर्यावरणाच्या तंत्रज्ञानात संशोधन करणाऱ्या छोट्या उद्योगांना सरकार निधी देतं. त्याचा पहिला टप्पा ह्या गृहस्थाने कधीच पचवला होता. आज दुसरा मंजूर व्हायचा होता. तो झाला की वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा टँकर बंद आणि गल्लोगल्ली हेच नळकांडं. कारखान्याशेजारच्या पाळणाघरात त्याची चाचणी सुरूसुद्धा होती.

मी वस्तीतल्या दवाखान्याची डॉक्टर. निधीच्या समितीत आरोग्याचं माणूस लागतं म्हणून मला घेतलं होतं, बोलायला नव्हे, सही करायला. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर. त्यांची हयात पूल बांधण्यात गेलेली, त्यामुळे पाण्याशी संबंध वरून जाण्यापुरताच. समितीचा एक नियम होता. पाण्याचा नमुना बाटलीत काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, बूच घट्ट लावायचं आणि बाटली हलवायची नाही. नमुना बिघडू नये म्हणून केलेला हा शहाणा नियम जलमहर्षीच्या फारच पथ्यावर पडला. प्रयोगशाळेला फक्त रंग आणि गढूळपणा तपासायला सांगितलं होतं. तिने तेवढंच तपासलं आणि उत्तम म्हणून कळवलं.

इकडे माझ्या दवाखान्यात उलट्या करणारी पोरं येऊ लागली होती. सगळी त्याच पाळणाघरातली. म्हणून काही दिवसांपूर्वी मी तिथे जाऊन आले होते. पाळणाघर चालवणाऱ्या मावशी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोराचे ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. कोपऱ्यात पाण्याचा पिंप होता. मी झाकण काढलं तर आत निळसर पाणी.

"अगं बाई, उघडू नका ते!" मावशी धडपडत उठल्या.

"मावशी, हे निळं कसं झालं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "महर्षींनी सांगितलंय, घरात शंका घेणारं कोणी असलं की पाणी निळं पडतं. आमची सून सारखी म्हणायची, ह्याला वास येतोय, पोराला देऊ नका. रोज पाणी निळं. शेवटी दिलं तिला हाकलून."

"मग थांबलं का निळं पडायचं?"

"कुठलं? बाईचं मनच वाईट. मागे ठेवून गेली असणार काहीतरी."

"आणि हे पाणी पितं कोण?"

"टाकून कसं देणार? इतर पोरांना ताजं देते. निळं झालेलं ह्याला पाजते. ते प्यायलं की घरातली शंका जिरते, असं महर्षी म्हणाले."

आईने शंका घेतली म्हणून शिक्षा पोराला चालली होती, आणि तीही आजीच्या हातून. मला संताप आवरेना. पोराला हे पाजू नका, दवाखान्यात आणा, असं मी बजावलं, पण मावशींनी ऐकलं नाही. मी सुनेला शोधत कारखान्याच्या रंगशाळेत गेले. ती तिथे कापड धुण्याचं काम करायची. पोराला बघायला म्हणून रोज पाळणाघराच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, असं तिने सांगितलं. ती बोलत होती आणि मी तिच्यामागे बघत राहिले. निळीच्या कुंडातून कापड वर येत होतं, ते चक्क पिवळट हिरवं. रुळावरून थोडं पुढे सरकलं की डोळ्यांदेखत निळं होत होतं.

"हे असं कसं?" मी कुंडावरच्या कामगाराला विचारलं.

"कुंडात हायड्रो पावडर असते ना. तिने निळीचा रंग दबतो. बाहेर आलं, हवा लागली, की परत येतो."

"मग पाळणाघरातलं पाणी निळं पडतं ते कशाने?"

"छे छे, डॉक्टरीणबाई. हे कापड, ते पाणी. ते महर्षींचं काम आहे, त्यात आपल्याला काय कळतंय?"

जो प्रकार हे लोक रोज स्वतःच्या हातांनी करत होते, त्यालाच आता आवारात हात जोडून उभे होते.

अध्यक्षांनी सहीसाठी पेन उघडलं तेव्हा मी पुढे झाले. टेबलावरची नमुन्याची एक बाटली घेतली, अर्धं पाणी ओतून दिलं, बूच लावलं आणि जोरात हलवली. पाणी निळं झालं. गर्दीतून एकच आवाज उठला.

जलमहर्षी जराही डगमगला नाही. "बघा, बघा! बाईंच्या मनातली शंका कशी बाटलीत उतरली!"

"हाकला हिला!" पहिला आवाज मावशींचाच होता.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "माझ्या मनात शंका आहे. तुमच्या मनात तर नाही ना? मग दुसरी बाटली तुम्हीच हलवा."

"पाण्याला असं छळणं माझ्या तत्त्वात..."

"हलवा की महर्षी!" त्याचेच भक्त ओरडू लागले. "बाईचं तोंड बंद करा एकदाचं!"

मी बाटली अर्धी करून त्याच्या हातात दिली. त्याने ती हलवल्यासारखं केलं. "जोरात!" गर्दी म्हणाली. त्याने हलवली आणि त्याच्याच हातात पाणी निळं झालं. मग मी रंगशाळेतून आणलेली चिमूटभर हायड्रो त्या निळ्या पाण्यात टाकली आणि बाटली ठेवून दिली. हळूहळू निळा रंग गेला, सोनेरी झाक आली. एका फिटरने नळकांड्याचं पोट उघडलं. आत हायड्रोचा डबा होता, रंगशाळेत असतो तसाच.

"विष कुठेही गेलं नाही," मी सांगितलं. "रंग फक्त दडला होता, हवा लागली की परत येतो, आणि वर ही पावडर पडली होती. तुमची पोरं दोन्ही प्यायली." मी पेला भरून जलमहर्षीपुढे धरला. "घ्या."

"मला... मला पित्ताचा त्रास आहे."

एवढं पुरलं. ज्यांनी हात जोडले होते त्यांनीच तोटीखालची बादली त्याच्या डोक्यावर उपडी केली. तो पांढरा कोट आधी नुसता ओला दिसला, मग वाऱ्यावर बाह्यांपासून निळा होत गेला. लोक हसत होते, थुंकत होते. मी कोणाला अडवलं नाही. मला बरं वाटलं.

"मला पहिल्यापासूनच शंका होती," अध्यक्ष पेन मिटत म्हणाले.

"असं? मग इतके दिवस तुमच्यासमोर पाणी निळं कसं पडलं नाही?" मी विचारलं. ते गाडीकडे चालू लागले.

सून गर्दीच्या मागे उभी होती. मावशी पोराला घेऊन तिच्यापुढे गेल्या. "चल गं घरी. चुकलं आमचं. महर्षींनी सांगितलं म्हणून..."

सुनेने पोर स्वतःकडे घेतलं. त्याच्या सुकलेल्या ओठांवरून बोट फिरवलं. मग शांतपणे विचारलं, "आई, वास तुम्हालाही येत होता ना?"

"येत होता," मावशी म्हणाल्या.

सून पोराला घेऊन तडक माझ्या दवाखान्यात आली. सासूच्या घरी ती परत गेली नाही. पोर जगलं, पण त्याच्या पोटाचं दुखणं कायमचं राहिलं. मावशी आता सुनेच्या नव्या घराच्या फाटकाशी उभ्या राहून त्याला बघतात.

प्रश्न विचारलेला ज्याला खपत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका, मग त्याच्या यंत्रावर सरकारचा शिक्का का असेना. आणि घरातलं कोणी म्हणालं की वास येतोय, तर तिला दार दाखवायच्या आधी स्वतः पिंपाशी जाऊन वास घ्या.